युरोपची शस्त्रखरेदी एकाच बाजारात का होत नाही? टेंडरच्या टेबलावरून सविस्तर उत्तर

नमस्कार. भोसरीत प्रिसिजन मशीनिंगचा छोटा कारखाना चालवणाऱ्या एकांनी विचारलंय की युरोपियन युनियनमध्ये चीज, गाड्या, औषधं सगळं एका देशातून दुसऱ्या देशात बिनदिक्कत जातं, मग शस्त्रांच्या बाबतीतच प्रत्येक देश आपापली वेगळी खरेदी का करतो, आणि आता ते १५० अब्ज युरोच्या कर्जाचं जे निघालंय त्याने खरंच एक बाजारपेठ होणार का, म्हणजे एका देशात आपला पार्ट पास झाला की बाकीच्या २६ देशांत चालेल का?

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. कायदा, बजेट, राजकारण यावर भरपूर बोललं जातं, पण माझ्या मते खरी अडचण "एका ठिकाणी पास झालेलं दुसरीकडे चालतं का" इथेच आहे आणि म्हणून मी त्याच बाजूने उत्तर देते. मी मूळची सांगलीची, गेली १६ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, चिलखती गाड्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत टेंडर आणि कॉन्ट्रॅक्टचं काम बघते. विमानं आणि जहाजांचं मला बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच माहितीये, गाड्या आणि दारूगोळ्याचं मात्र रोजचं आहे.

आधी हे कशावर अवलंबून आहे ते सांगते. सैन्याला बूट, तंबू, डिझेल, खुर्च्या विकायच्या असतील तर बाजार बऱ्यापैकी एकच आहे, ते साध्या सरकारी खरेदीच्या नियमांत येतं, टेड नावाच्या युरोपियन पोर्टलवर जाहिरात येते आणि कुठल्याही सदस्य देशातली कंपनी बिड टाकू शकते. ट्रक, जनरेटर, ट्रेलर इथपर्यंत पण जमतं. रडार, तोफा, एन्क्रिप्शनवाले रेडिओ आले की दार अर्धं लागतं, आणि पाणबुडीपर्यंत गेलात तर ते पूर्ण बंद असतं. त्यामुळे "युरोपची संरक्षण बाजारपेठ" असं एकच काही नसतं, वस्तूगणिक उत्तर बदलतं.

कायद्याचं मूळ १९५७ च्या रोम करारात आहे. त्यात कलम २२३ होतं, तेच आज ३४६ म्हणून ओळखलं जातं. अर्थ साधा आहे, आपल्या सुरक्षेच्या मूलभूत हितासाठी शस्त्रं आणि युद्धसामग्रीच्या बाबतीत देश बाजाराचे नियम बाजूला ठेवू शकतो. कुठल्या वस्तू यात येतात त्याची यादीपण १९५८ मध्ये केली गेली. हा होता अपवाद, पण देशांनी तो इतका सरसकट वापरला की तोच नियम होऊन बसला. फिनलंडची एक केस आहे, आमच्याकडे नवीन कोणी जॉइन झालं की मी त्यांना ती आवर्जून वाचायला लावते. तिथल्या सैन्याच्या तांत्रिक संस्थेने विद्युतचुंबकीय मोजमापं घेण्यासाठी एक फिरणारं आणि तिरकं होणारं टेबल विकत घेतलं, किंमत साडेसोळा लाख युरोच्या आसपास, आणि युरोपभर जाहिरात न देता चार कंपन्यांनाच बोलावलं. मामला युरोपियन कोर्टात गेला आणि २०१२ मध्ये कोर्टाने सांगितलं की वस्तू सैन्य वापरतंय एवढ्याने ती लष्करी ठरत नाही, तसंच तंत्रज्ञान नागरी कामातही वापरलं जात असेल तर ती वस्तू मुळातच लष्करी कामासाठी खास बनवलेली किंवा तशी बदललेली असली पाहिजे, नाहीतर नेहमीची टेंडर प्रक्रिया करा. एका टेबलासाठी सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत जावं लागलं, यावरून लक्षात येईल की देश किती सहज ३४६ चा आधार घेतात.

२००९ मध्ये दोन डायरेक्टिव्ह (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचे युनियनचे नियम) आली, ८१ नंबरचं खरेदीच्या नियमांसाठी आणि ४३ नंबरचं एका सदस्य देशातून दुसऱ्यात माल न्यायच्या परवान्यांसाठी. कागदावर दोन्ही चांगली आहेत आणि त्यांचा फायदा मी स्वतः बघितलाय, पूर्वी ज्या सुट्या भागांच्या आणि मेंटेनन्सच्या ऑर्डर फोनवर ठरायच्या त्यांच्या आता जाहिराती येतात. पण सरकारने सरकारकडून घेतलेला माल ८१ च्या बाहेर आहे, अनेक देशांनी मिळून केलेले नवीन शस्त्र विकसित करायचे प्रकल्पही बाहेर आहेत, आणि वर ३४६ आहेच. मोठ्या रकमा याच तीन वाटांनी जातात.

आता मूळ मुद्दा. समजा उद्या ३४६ रद्द झालं, सगळी टेंडरं पोर्टलवर आली, तरी सामायिक बाजार होणार नाही असं माझं ठाम मत आहे. कारण गिऱ्हाइकं २७ आहेत आणि प्रत्येकाचं स्पेसिफिकेशन वेगळं आहे, प्रत्येकाची टेस्ट वेगळी आहे, आणि दुसऱ्याने केलेली टेस्ट कोणी मानत नाही.

माझ्याच टेबलावरचं उदाहरण देते. एकाच मॉडेलची चिलखती गाडी दोन शेजारी देशांनी घेतली होती. त्यात रेडिओच्या रॅकला धरणारा एक ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट आम्ही द्यायचो, तळहातावर मावेल एवढा, चार भोकं आणि एक वाकवलेली पट्टी. पहिल्या देशासाठी आम्ही त्याची व्हायब्रेशन टेस्ट मान्यताप्राप्त लॅबमध्ये केली, रिपोर्ट ६० पानांचा, सगळं पास. दुसऱ्या देशाच्या खरेदी खात्याने तो रिपोर्ट परत पाठवला, स्टँडर्ड तेच होतं पण लॅब त्यांच्या यादीत नव्हती. मग त्यांच्या लॅबची तारीख मिळायची वाट बघा, सँपल पाठवा, टेस्टचा आराखडा त्यांच्या भाषेत द्या, आणि मध्येच कळलं की त्यांना हिरव्या रंगाची शेड पण वेगळी हवीये. सात महिने गेले. शेवटी एकाच ब्रॅकेटचे दोन पार्ट नंबर झाले, दोन ड्रॉइंग, दोन वेगळे स्टॉक. आजही आमच्या गोदामात त्या दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, आत वस्तू तीच, आणि एका देशाच्या गाड्या पार्टसाठी उभ्या असल्या तरी मी दुसऱ्याच्या पेटीतला तुकडा काढून देऊ शकत नाही. त्या पेट्यांपाशी गेले की मला आजही वाईट वाटतं, कारण तो खर्च कोणीतरी भरलाय आणि त्यातून सैनिकाला काहीही जास्तीचं मिळालेलं नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर एनएच-९० हेलिकॉप्टरचं झालं. अनेक देशांनी मिळून एक हेलिकॉप्टर घ्यायचं ठरवलं, पण स्वीडनला केबिनची उंची जास्त हवी, कोणाला इंजिन वेगळं हवं, कोणाला नौदलासाठीची उपकरणं वेगळी, असं करत करत २० च्या वर प्रकार झाले. मग सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा हिशोब कोण लावणार? नॉर्वेला वर्षाला ३,९०० तास उड्डाण हवं होतं आणि मिळत होते ७०० च्या आसपास, शेवटी २०२२ मध्ये त्यांनी करार रद्द करून हेलिकॉप्टरं परत घ्या आणि पैसे द्या असं सांगितलं. म्हणजे नुसतं एकत्र येऊन सही केली की सामायिक खरेदी होते असं नाही, खरेदीच्या यादीतली वस्तू शेवटपर्यंत एकच राहिली पाहिजे.

तोफगोळ्यांचंही तेच. १५५ मिमी हा आकार सगळ्यांचा एकच, त्यामुळे बाहेरून वाटतं की कुठलाही गोळा कुठल्याही तोफेत चालेल. नळीत तो जाईल, पण त्या तोफेसाठी तो गोळा आणि ते चार्ज (गोळा ढकलणारी दारू) तपासून पास केलेलं लागतं, फायर कंट्रोलच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा डेटा लागतो, आणि ही तपासणी प्रत्येक देश आपली आपली करतो. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांच्या २०२४ च्या अहवालात आहे की युरोपियन देशांनी युक्रेनला १५५ मिमीच्या दहा वेगवेगळ्या प्रकारच्या तोफा दिल्या. दहा प्रकारचे सुटे भाग, दहा प्रकारचं प्रशिक्षण, आणि हे सगळं युद्ध चालू असताना. मार्च २०२३ मध्ये युनियनने एका वर्षात दहा लाख गोळे द्यायचं ठरवलं होतं, मार्च २०२४ पर्यंत त्यातले निम्म्याच्या जवळपास पोचले. कारखान्यांची क्षमता कमी होती हे मुख्य कारण, पण हे तुकडे तुकडे झालेले बाजार हेच क्षमता न वाढण्याचं कारण होतं. छोट्या छोट्या ऑर्डरवर कुठला मालक नवीन लाइन टाकेल? तुम्ही स्वतः कारखाना चालवता, ५०० नगांच्या पाच वेगवेगळ्या ऑर्डर आणि २,५०० नगांची एक ऑर्डर यात सेटिंगचा आणि टूलिंगचा किती फरक पडतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

मग देश असं का वागतात? नुसता स्वार्थ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. नोकऱ्या आहेतच, आपल्या करदात्याचा पैसा आपल्या कारखान्यात यावा असं प्रत्येक मंत्र्याला वाटतं. पण लहान देशांची भीती खरी आहे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला जर्मनीने मास्कच्या निर्यातीवर बंदी घातली होती, थोड्याच दिवसांत उठवली, पण शेजाऱ्यांच्या ते लक्षात राहिलं. मास्कचं असं होतं तर युद्धाच्या दिवशी गोळ्यांचं काय? २०२२ मध्ये जर्मनीला गेपार्ड या विमानविरोधी तोफगाडीसाठीचा स्विस बनावटीचा ३५ मिमीचा दारूगोळा युक्रेनला द्यायचा होता, १२ हजारांच्या वर राउंड, आणि स्वित्झर्लंडने परवानगी दिली नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पोलंडला आपल्याकडचेच, पण जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे युक्रेनला द्यायला बर्लिनची परवानगी मागावी लागली. दुसऱ्याच्या कारखान्यातलं घेतलं की त्याच्या सरकारचा हात कायम आपल्या मालावर राहतो, हे या सगळ्यांतून देश शिकलेत. लहान देशांच्या कंपन्यांचीही बाजू आहे. फ्रान्स, जर्मनी, इटलीच्या मोठ्या कंपन्यांच्या साखळीत शिरायची त्यांची वाट म्हणजे ऑफसेट, म्हणजे विकणाऱ्या कंपनीने खरेदीदार देशातही काही काम द्यायची अट, जसं आपल्याकडे ३० टक्क्यांचं ऑफसेट धोरण आलं तसंच. युरोपियन कमिशन म्हणतं ऑफसेटमुळे बाजार बिघडतो, आणि ते बरोबर आहे, पण ते काढून घेतलं तर एस्टोनियातल्या ४० माणसांच्या वर्कशॉपला मोठी कंपनी स्वतःहून फोन करणार आहे का? माझा अनुभव सांगतो की नाही करत, जुन्या सप्लायरकडेच जाते. म्हणून मी स्वतः ऑफसेट एका फटक्यात बंद करायच्या बाजूची नाही, आधी सबकॉन्ट्रॅक्टची खुली स्पर्धा खरोखर चालू झाली पाहिजे.

परवान्यांबद्दल थोडक्यात. ४३ च्या डायरेक्टिव्हमुळे जनरल लायसन्स आलं, म्हणजे ठरावीक मालासाठी दर वेळी वेगळा अर्ज नको. पण कुठला माल त्यात बसतो ते प्रत्येक देश स्वतः ठरवतो, आणि बेल्जियममध्ये तर परवाने फ्लँडर्स, वालोनिया आणि ब्रसेल्स असे तीन प्रदेश वेगवेगळे देतात. आमचा एक पार्ट दुरुस्तीला शेजारच्या देशात जातो, ट्रकने तीन तासांचा रस्ता, आणि परत येताना कागदांसाठी पाच आठवडे थांबलेला मी बघितलाय.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर कायद्याने दार उघडलं, पण वेगळी स्पेक, एकमेकांच्या टेस्टवर नसलेला विश्वास आणि वेळेला माल मिळेल का ही भीती या तीन गोष्टींनी ते परत लोटून ठेवलंय.

आता जिथे जमलंय ते सांगते, कारण जमलंय. बेल्जियम आणि नेदरलँड्स. दोघांना सुरुंग शोधणारी जहाजं हवी होती आणि फ्रिगेट (युद्धनौका) पण हव्या होत्या. त्यांनी वाटून घेतलं, सुरुंगवाली १२ जहाजं बेल्जियमने दोघांसाठी घ्यायची, प्रत्येकी सहा, २०१९ मध्ये तो करार झाला, आणि फ्रिगेट नेदरलँड्सने दोघांसाठी घ्यायच्या, सुरुवातीला प्रत्येकी दोन. एक खरेदीदार, एक स्पेक, एक करार. हे जमलं याचं कारण दोन्ही नौदलांचं एकत्र कमांड डेन हेल्डरला कित्येक वर्षं चालतंय, माणसं एकाच मेसमध्ये जेवतात, त्यामुळे "आमचं वेगळं" म्हणायची सवयच मोडलीये. तसंच बेल्जियमने फ्रान्सकडून ३८२ ग्रिफॉन आणि ६० जॅग्वार गाड्या घ्यायचं ठरवलं तेव्हा फ्रेंच सैन्याचीच रचना उचलली आणि खरेदीही फ्रान्सच्या यंत्रणेमार्फत केली. फिनलंडच्या पात्रिया सिक्स बाय सिक्स गाडीचं मला सगळ्यात कौतुक वाटतं. फिनलंड आणि लाटव्हियाने सुरू केलं, मग स्वीडन, जर्मनी, डेन्मार्क आत आले, गाडी मुद्दाम साधी ठेवली, आणि लाटव्हियात वाल्मिएराला कारखाना काढला. लहान देशाला गाडीबरोबर कामही मिळालं, त्यामुळे ऑफसेटचा वाद उरलाच नाही. आइंडहोवनला हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचा ताफा आहे, अनेक देशांचा मिळून एक, देश विमान विकत घेत नाही तर उड्डाणाचे तास घेतो. या चारही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते, कोणीतरी एकाने खरेदीची जबाबदारी घेतली आणि बाकीच्यांनी बदल मागायचा मोह आवरला.

पैशाचं बघू. २०२२ नंतर युनियनने आधी छोट्या रकमा काढल्या, दारूगोळ्याच्या उत्पादनासाठी ५० कोटी युरो, एकत्र खरेदीला प्रोत्साहन म्हणून ३० कोटी युरो, पात्रियाच्या गाडीला त्यातलेच ६ कोटी मिळाले. मग मे २०२५ मध्ये सेफ आलं, १५० अब्ज युरोचं कर्ज. अट अशी की साधारणपणे किमान दोन देशांनी मिळून खरेदी करायची, घाई म्हणून ३० मे २०२६ पर्यंत एकट्याने पण चालेल अशी सूट, आणि वस्तूतल्या घटकांच्या किमतीपैकी ६५ टक्के युनियन, नॉर्वेसारखे जोडलेले देश किंवा युक्रेनमधले हवेत. २७ देशांचा संरक्षण खर्च २०२४ मध्ये ३४३ अब्ज युरो होता, त्याच्यापुढे ही रक्कम लहान नाही. पण मला एक काळजी आहे. २००७ मध्येच देशांनी ठरवलं होतं की सामग्रीच्या खरेदीतला ३५ टक्के पैसा एकत्र खर्च करायचा, ते गाठलं गेलं नाही, आणि २०२४ मध्ये २०३० साठी ४० टक्के म्हटलं गेलं. एकत्र खरेदीला वेळ लागतो आणि घाबरलेल्या देशाकडे वेळ नसतो. पोलंडने ऑगस्ट २०२२ मध्ये कोरियाशी रणगाड्यांचा करार केला आणि त्याच डिसेंबरात पहिले दहा के-२ गडिनियाच्या बंदरात उतरले. मी पोलंडला दोष देत नाही, तेव्हा इतक्या लवकर रणगाडे देणारी लाइन युरोपात कोणाकडेच नव्हती.

म्हणून माझ्या हातात असतं तर मी १५० अब्जांपैकी अगदी थोडा हिस्सा टेस्टिंगवर लावला असता. १५५ चे गोळे, गाड्यांचे सुटे भाग, रंग, केबल, बॅटऱ्या, या पाच गोष्टींपासून सुरुवात करायची, एका देशातल्या मान्य लॅबचा रिपोर्ट बाकीच्यांनी मानायचाच आणि नाकारायचा तर कारण लेखी द्यायचं. कर्जाची अट म्हणून हे घालता आलं असतं. ६५ टक्क्यांचा हिशोब आम्ही दर महिन्याला भरतो, पण माझी ती दुसरी पेटी तो हिशोब भरून नाहीशी होत नाही.

आता तुमच्या भोसरीच्या प्रश्नावर. एका देशात पास झालं की २६ देशांत चालेल, असं आज होत नाही. पण तुम्हाला मंत्रालयाला विकायचंच नाहीये. तुम्ही विकणार आमच्यासारख्या मधल्या कंपनीला किंवा तिच्या सप्लायरला, आणि तिथे उरलेल्या ३५ टक्क्यांत बाहेरच्या घटकांना जागा आहे. फक्त मोठ्या कंपन्या ती जागा आता अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी राखून ठेवतायत, त्यामुळे भारतातून घ्यायचं तर ते स्वस्त असून भागत नाही, ते इथे वेळेत मिळत नाही असं असावं लागतं. माझ्या बघण्यात फोर्जिंग, कास्टिंग आणि जाड मशीनिंग याबाबतीत तशी टंचाई आहे. एकाच बाहेरच्या सबकॉन्ट्रॅक्टरकडे कराराचा मोठा हिस्सा गेला तर सेफमध्ये जास्तीच्या अटी लागतात, म्हणून छोट्या हिश्शाने आत येणं सोपं. नाटोच्या पुरवठ्यासाठी एक्यूएपी २११० प्रमाणे क्वालिटी सिस्टिम विचारतातच, नुसतं आयएसओ ९००१ दाखवून पुढे सरकत नाही. कच्चा माल कुठून आला त्याचे कागद हीट नंबरपासून (धातू वितळवलेल्या बॅचचा नंबर) ठेवा, हिशोब घटकाच्या किमतीवर चालतो आणि एक सर्टिफिकेट नसलं तर आमची बिड अडकते. आणि आपल्या बाजूने स्कोमेटची, म्हणजे भारताच्या निर्यात नियंत्रणाची, यादी बघा, खास लष्करी वापरासाठी बनवलेला पार्ट असेल तर तो सहाव्या कॅटेगरीत जातो आणि परवाना संरक्षण उत्पादन विभागाकडून लागतो, वेळ धरूनच डिलिव्हरीची तारीख द्या.

नेमका पार्ट कुठला आहे, मटेरियल काय आणि वर्षाला किती नग काढू शकता एवढं लिहा, ड्रॉइंग टाकू नका. तो साध्या यादीत बसतो की लष्करी, आणि कुठल्या पातळीच्या सप्लायरला मेल करायला हवा, ते मी बघून सांगते.